दारणा चांगली होत नाही

दारणा ही माझ्या कादंबरीची नायिका. वय सोळा. पहिल्याच प्रकरणात ती वहीतून एका माणसाचं नाव खोडते, आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत तिला त्याचा पश्चात्ताप होत नाही. कुमारवयीन वाचकांसाठी मराठीत अशी अद्भुत कादंबरी लिहायची की तिची नायिका हीच खलनायिका असेल आणि शेवटपर्यंत तशीच राहील, एवढं ठरवून मी नाशिकमध्ये बसून हे काम केलं. ते कसं होत गेलं, कुठे अडलं, कोणी काय सुचवलं, ते इथे मांडतेय. असं काही लिहायचं मनात असलेलं कोणी ना कोणी असेलच, त्याच्या उपयोगी पडावं.

पोटापाण्यासाठी मी मुद्रितं तपासते. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी ते बारावीची मुलं जमतात, पुस्तकं वाचतात आणि त्यांवर तावातावाने भांडतात. विषय त्यांच्याकडूनच आला. त्यातल्या बऱ्याच मुली मोबाइलवर कोरियन चित्रकथा वाचायच्या. त्यांचा एक ठरलेला साचा आहे. एक साधी मुलगी मरते आणि आपण वाचत असलेल्या कादंबरीतल्या खलनायिकेच्या देहात जागी होते. या बाईला पुढे फाशी आहे किंवा हद्दपारी आहे हे तिला आधीच माहीत असतं, म्हणून ती सगळ्यांशी गोड वागून ते मरण चुकवते. नववीतली एक मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "ताई, ही नावालाच व्हिलन आहे. हिने काही केलंच नाहीये."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग मी इंग्रजीतली या जातीची पुस्तकं मिळवून वाचली. मेरी लू यांची 'द यंग एलिट्स' ही २०१४ साली आलेली कादंबरी त्यांतली महत्त्वाची. तापाच्या साथीत एक डोळा गमावलेली, बापाने छळलेली अ‍ॅडेलिना ही तिची नायिका. भीती आणि संताप हेच तिच्या शक्तीचं खाद्य. तीन भागांच्या त्या मालिकेत दुसऱ्या भागाअखेर ती सिंहासनावर बसते, आणि तोवर आपल्याला तिची धास्ती वाटायला लागलेली असते. मरिसा मेयर यांची 'हार्टलेस' २०१६ ची. 'अ‍ॅलिस'च्या गोष्टीत ऊठसूट मुंडकी उडवायला सांगणारी ती बदामची राणी, ती आधी कोण होती? तर बेकरी काढायचं स्वप्न बघणारी मुलगी. दोन्ही मला आवडली. पण वाचताना एक गोष्ट दिसत गेली. या मुलींवर आधी पुष्कळ अन्याय होतो, त्यांच्याहून क्रूर माणसं समोर उभी केली जातात, आणि मग त्यांचा सूड आपल्याला जवळजवळ रास्त वाटायला लागतो. मला याच्या एक पाऊल पुढे जाता येतं का ते बघायचं होतं. फारसा अन्याय झालेला नाही, समोर मोठा राक्षस नाही, तरी ही मुलगी वाईट वागते. आणि तिचं पुस्तक हातातून खाली ठेववत नाही.

नाशिकमध्ये राहून खलनायिकेचा विचार करायचा तर दोन बायका आपोआप वाटेत येतात. पहिली शूर्पणखा. लहानपणापासून पाहुणे आले की त्यांना पंचवटी दाखवायची, सीतागुंफेत वाकून आत न्यायचं, मग तपोवनात लक्ष्मणाच्या देवळाकडे. शूर्पणखेचं नाक कापलं ते इथेच, असं सांगतात, आणि पाहुण्यांची मुलं हमखास हसतात. दुसरी आनंदीबाई. गंगापूर रोडने पुढे गेलं की आनंदवल्ली लागते. राघोबादादांनी तिथे वाडा बांधला आणि गावाला नाव पडलं ते आनंदीबाईंचं. आज लोक तिथे नवश्या गणपतीच्या दर्शनाला जातात. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो गारद्यांनी तलवारींनी केला. पण लोकांच्या तोंडी राहिली ती आनंदीबाई आणि तिने 'ध'चा केलेला 'मा'. 'धरावे' होतं, तिने 'मारावे' केलं. ही दंतकथाच. तरी तिच्यातली एक गोष्ट मला फार खुणावते. सगळा रक्तपात एका बाईने कागदावर फिरवलेल्या लेखणीत येऊन बसतो, आणि त्या बाईला नेमकं काय हवं होतं ते कोणी विचारत नाही. शूर्पणखेने निदान तोंडाने मागितलं होतं.

म्हणून पहिला निर्णय असा: दारणाला काहीतरी हवं असेल. गुन्हा नंतर, आधी हाव.

दुसरा निर्णय जादूचा. परदेशी कथांतले ड्रॅगन आणि कांड्या मला नको होत्या, आणि राजवाडे, मांत्रिक, गुप्त भुयारं यांतही मन रमत नव्हतं. जादू इथल्याच मातीतून यायला हवी होती. ती सापडली एका तीर्थोपाध्यायांच्या घरात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला यात्रेकरूंच्या नामावळ्यांच्या वह्या असतात. तुम्ही रामकुंडावर श्राद्धाला किंवा अस्थिविसर्जनाला आलात की गुरुजी गाव आणि आडनाव विचारतात आणि तुमच्या कुळाची वही काढतात. तुमचे आजोबा, पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, मुलं किती, ते सगळं त्यात असतं. पुष्कळदा खाली त्यांची स्वतःची सही असते. आमच्या ओळखीतल्या एका गुरुजींनी मला त्यांच्या घरी बसून वह्या पाहू दिल्या. लांबट, जाड, कापडात बांधलेल्या. गाठ सोडली की आधी जुन्या कागदाचा आणि कापराचा वास येतो. जुनी पानं मोडीत, शाई काळीची तपकिरी झालेली. एका पानावर एका माणसाने सही करताना बोरू टेकवून ठेवला असावा, तिथे हरभऱ्याएवढा डाग पडला होता आणि तो मागच्या दोन पानांत उतरला होता. मी त्या डागावर बोट ठेवलं. तो माणूस तिथे क्षणभर थांबला होता, बापाचं नाव लिहिताना.

"गुरुजी, यातलं नाव कधी खोडतात का हो?"

"खोडत नाही," ते म्हणाले. "माणूस गेला तरी नाव राहतं. पुढच्या पिढीचं त्याच्याखाली चढतं."

घरी येताना मी घाटावर उतरले, दुतोंड्या मारुतीपाशी थांबले, आणि तिथेच माझी सगळी कादंबरी मला दिसली. खोडत नाहीत ना? मग खोडणारी मुलगी लिहायची.

तर नवटेक नावाचं गाव. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलंय असं जुनी माणसं सांगतात, त्यावरून. गावातल्या प्रत्येकाचं नाव एका मोठ्या वहीत असतं. ती वही सांभाळते ती वहीपाळीण. एका विशिष्ट शाईने कोणाचं नाव खोडलं तर तो माणूस मरत नाही, पण सगळं गाव त्याला विसरतं. आई विसरते, नवरा विसरतो. तो माणूस स्वतःलाही नीटसा आठवत नाही, गावात परका होऊन फिरत राहतो. आणि त्याच्या अंगात जे सर्वांत चांगलं असेल, कोणाचा हात, कोणाचा गळा, कोणाची तल्लख बुद्धी, ते खोडणारीला मिळतं. शाई वर्षातून एकदाच करता येते, रहाड उघडते त्या दिवशी.

रहाडीसाठी काही रचावं लागलं नाही, ती आमच्याकडे आहेच. जुन्या नाशिकमध्ये आणि पंचवटीत पेशवेकाळापासूनचे दगडी हौद जमिनीखाली आहेत. वर्षभर ते बुजवलेले असतात, वरून रस्ता जातो, गाड्या जातात. रंगपंचमीला तेवढ्या उघडतात, पूजा होते, फुलापानांचा रंग उकळून त्यात ओततात आणि माणसं धप्पा मारतात, म्हणजे वरून थेट रंगात उडी. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. लहानपणी मी वर्षभर त्या चौकातून जाताना पायाखाली काय आहे याचा विचार करायचे. नवटेकच्या रहाडीच्या तळाशी उरलेल्या गाळाची शाई होते, एवढीच भर मी घातली.

मुलींची नावं मी आमच्या नद्यांवरून घेतली. दारणा, कपिला, वालदेवी. म्हातारी वहीपाळीण वाघाडी. रविवारच्या मुलांना हे फार आवडलं. त्यातल्या अर्ध्यांना कपिला ही नदी आहे आणि तपोवनात ती गोदावरीला मिळते हे माहीत नव्हतं, ते पुढच्या आठवड्यात जाऊन बघून आले.

आता दारणाला काय हवं होतं? इथे मी सर्वांत जास्त रेंगाळले. पहिला खर्डा मी मुद्दाम सगळी कारणं भरून लिहिला. सावत्र आई, दारुड्या काका, शाळेत झालेला अपमान, आणि मुख्य म्हणजे मुलगी म्हणून वहीपाळपदावरून डावललं जाणं. मनात येईल ते सगळं कागदावर उतरू द्यायचं आणि मग एकेक काढून घ्यायचं, ही माझी पद्धत. काढताना कळतं की कशाविना गोष्ट उभी राहते. सावत्र आई गेली, काका गेला, कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. शेवटचं कारण काढायला मात्र हात धजत नव्हता, कारण ते खरं आहे. मुली डावलल्या जातात. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलींच्या घरीही जातात. पण ते ठेवलं असतं तर दारणाचं प्रत्येक कृत्य त्या अन्यायाच्या खात्यावर पडलं असतं आणि तिच्या खात्यावर काहीच उरलं नसतं. म्हणून मी गावाचा कायदाच बदलला. नवटेकमध्ये वही सांभाळते ती नेहमी थोरली मुलगीच. म्हणजे पद दारणाला मिळणारच होतं. तिला कोणी अडवलं नाही, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तिला गाता येत नाही, आणि तिच्या जिवलग मैत्रिणीला येतं. बस, एवढंच.

हा बदल केल्यावर मुलांपुढे पहिली प्रकरणं वाचली तेव्हा वाद पेटला. एक मुलगा म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी असं करतं का?" त्याच्या शेजारची अकरावीतली मुलगी शांतपणे म्हणाली, "करतं." आणि ती पुढे काही बोलली नाही. कोणी विचारलंही नाही. मी त्या दिवशी घरी आले ती हे ठरवूनच की आता कारण यापेक्षा मोठं करायचं नाही. मत्सर सगळ्यांना माहीत असतो. त्या वयात तर तो दिवसभर बरोबर चालत असतो, आणि मोठी माणसं त्याबद्दल 'असं वागू नये' यापलीकडे काही बोलत नाहीत.

श्रावणातल्या कहाण्या मी याच काळात परत वाचल्या. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आमचं सावाना, १८४० पासूनचं. तिथे जाऊन जुन्या पुस्तकांत बसणं हे माझं आवडतं काम. कहाणीतली बाई उतते, मातते, घेतला वसा टाकते, आणि मग देव कोपतो. राज्य जातं, पोर दगावतं. शेवटी तिला उपरती होते, सगळं जागच्या जागी येतं. मला या कहाण्या मनापासून प्रिय आहेत, आजीच्या आवाजात अजून ऐकू येतात. पण त्यांत उतलेल्या बाईच्या मनात उतताना काय चाललं होतं ते कधीच सांगत नाहीत. कहाणी घाईघाईने शिक्षेकडे जाते. मला त्या घाईच्या जागीच मुक्काम करायचा होता.

त्यासाठी काही नियम भिंतीवर लिहून लावले. दारणाचा प्रत्येक गुन्हा यशस्वी होईल. तिला जे हवं ते मिळेल आणि ते मिळाल्याचा आनंदही होईल. तिच्याहून वाईट माणूस पुस्तकात येणार नाही. तिने ज्याचं वाटोळं केलं तो माणूस वाचकाला आधी आवडलेला असेल. आकाशातून वीज पडणार नाही, मारुती पावणार नाही. यातला चौथा नियम पाळणं सर्वांत जड गेलं. कपिला मला इतकी आवडायला लागली होती की तिचं प्रकरण मी पुढे पुढे ढकलत राहिले, नवीन प्रसंग घालत राहिले. ते प्रसंग पुस्तकाला पोसणारेच निघाले. दोघी मिळून भांडी बाजारातून वाडग्याला कल्हई करून आणतात तो प्रसंग तसाच आलेला आहे.

त्या प्रकरणाचे दोन खर्डे इथे देते, कारण सगळी प्रक्रिया त्या दोन परिच्छेदांत आहे. कारणांनी भरलेल्या पहिल्या खर्ड्यातलं हे:

"माझा हात थरथरत होता. मला हे करायचं नव्हतं, पण त्यांनी मला दुसरी वाटच ठेवली नव्हती. डोळ्यांतलं पाणी वहीवर पडलं आणि कपिलाचं नाव फिकट होत गेलं."

आणि छापायला गेलेलं हे:

"कपिलाने दिलेली भाकरी मी आधी खाल्ली. भूक लागली होती. मग हात पुसले, वही उघडली. तिचं नाव मीच लिहिलेलं, चांगल्या अक्षरात. 'क'पासून सुरुवात केली. खाली अंगणात तिची आई तिला हाका मारत होती. तिसऱ्या हाकेला नाव अर्ध्यावर थांबलं, आणि मग ती बाई भांडी घासायला लागली. मी हळूच गुणगुणून पाहिलं. गळा आला होता."

हे वाचून दाखवलं तेव्हा हॉलमध्ये कोणी बोलेना. मग आठवीतला सर्वांत लहान मुलगा, जो एरवी चित्रं काढत बसतो, तो अक्षरशः ओरडला, "ताई, भाकरी कशाला खाल्ली तिने? तिच्या हातची भाकरी खाऊन?" त्याचे डोळे भरले होते. खून, युद्ध, जाळपोळ हे सगळं ही मुलं मोबाइलवर जेवताना बघतात. खाल्ल्या मिठाला न जागणं मात्र त्यांना सहन झालं नाही. तेव्हापासून मी एक पक्कं धरलं. आपल्या वाचकाच्या मनात खरोखर काय पाप वाटतं ते शोधायचं आणि नायिकेला तिथे नेऊन उभं करायचं. दुसऱ्या भाषेतल्या पुस्तकातून ते उसनं आणता येत नाही.

निवेदनाचा प्रश्न जादूनेच सोडवला. सुरुवातीला मी 'ती' असं लिहीत होते. पण नाव खोडल्यावर सगळं गाव कपिलाला विसरणार असेल तर तिची गोष्ट सांगणार कोण? ती लक्षात राहते फक्त खोडणारीच्या. मग दारणानेच बोलायला हवं, 'मी' म्हणून. आणि ज्या क्षणी ती बोलायला लागली त्या क्षणी वाचक तिचा भागीदार झाला, कारण कपिला आता या जगात दोघांनाच आठवते, दारणाला आणि वाचणाऱ्याला. पुढच्या प्रकरणांत इतर कोणाच्याही तोंडी कपिलाचं नाव येत नाही. हे मी मुद्रितं तपासताना ओळीओळीने बघितलं. कपिलाच्या आईच्या बोलण्यात 'आमची' हा शब्दसुद्धा येऊ दिला नाही. "आमच्या घरी" ऐवजी "माझ्या घरी". वाचणाऱ्यांतल्या किती जणांच्या ते लक्षात येईल कोण जाणे, पण दहावीतल्या एका मुलीच्या आलं. ती म्हणाली, "काकू आता एकटीच्यासारखं बोलतात." मला त्या दिवशी रात्रभर झोप आली नाही, आनंदाने.

भाषेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अद्भुत कथा म्हटली की आपल्याकडे 'हे सखे' आणि 'तथास्तु' सुरू होतं, ते मी येऊ दिलं नाही. दारणा आमच्या पंचवटीतल्या मुलीसारखी बोलते.

पूर मात्र लिहायलाच हवा होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आमच्याकडे लोक आकडा नंतर विचारतात, आधी विचारतात, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. दुतोंड्या मारुती म्हणजे आमची पूरपट्टी. २००८ च्या आणि २०१९ च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं, दुकानदार रात्रीतून माल वर चढवत होते, ते सगळं मी पाहिलं आहे. कादंबरीत वहीच्या वाड्यात पाणी शिरतं आणि दारणा जिवावर उदार होऊन वह्या वर नेते. गाव तिला डोक्यावर घेतं. इथे मुलांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बघा, ही आता सुधारली. दुसरा तट म्हणत होता की वह्या वाहून गेल्या तर तिची शक्तीच जाईल, ती स्वतःसाठी धावली. मी कोणालाच दुजोरा दिला नाही. दोन्ही खरं असू शकतं, आणि धाडस हा गुण वाईट माणसातही असतो, हे त्यांना तिच्या तोंडून न ऐकता नुसतं दिसायला हवं होतं.

मग पालक आले. आमच्याच इमारतीतल्या एक बाई संध्याकाळी घरी आल्या. त्यांची मुलगी आरशासमोर उभी राहून दारणाची वाक्यं म्हणत होती. "ताई, राग मानू नका, पण मुलींच्या पुढ्यात असली पात्रं कशाला ठेवायची? आधीच कमी आहे का?" मी त्यांना चहा दिला आणि हस्तलिखितच दिलं, म्हटलं, आधी तुम्ही वाचा. त्यांनी वाचलं. परत करायला आल्या तेव्हा पुस्तकाबद्दल थोडंच बोलल्या आणि त्यांच्या जावेबद्दल बराच वेळ बोलल्या. मुलगी रविवारी यायची थांबली नाही.

प्रकाशकांचं वेगळं होतं. पहिल्या ज्यांच्याकडे हस्तलिखित पाठवलं त्यांना भाषा आवडली, वहीची कल्पना आवडली. फक्त शेवट बदला म्हणाले. दारणाला उपरती होऊ द्या, ती सगळी नावं पुन्हा लिहिते असं करा, म्हणजे शाळांच्या ग्रंथालयांत घेता येईल. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. मराठीत कुमारांसाठीचं पुस्तक मोठ्यांच्या हातून विकत घेतलं जातं, मूल दुकानात जाऊन स्वतःच्या पैशांनी घेत नाही. इंग्रजीत बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी दुकानात वेगळा कप्पा असतो. आपल्याकडे बालसाहित्य संपलं की थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधल्या पाच-सहा वर्षांत मूल मराठी वाचायचं सोडून देतं, आणि मग आपण मुलं वाचत नाहीत म्हणून परिसंवाद भरवतो. याचा मला मनापासून त्रास होतो. त्या वयात माणूस पहिल्यांदा स्वतःच्या आत डोकावतो आणि तिथे जे दिसतं ते सगळंच सुंदर नसतं. तेव्हा त्याच्या हातात त्याच्या भाषेतलं पुस्तक नसेल तर कधी असणार?

मी शेवट बदलला नाही. तो असा आहे. नवटेकच्या जत्रेत दारणा गाते. कपिलाच्या गळ्याने गाते आणि फार सुंदर गाते. कार्यक्रम संपल्यावर फुलं विकणारी एक मुलगी गर्दीतून पुढे येते, तिला गजरा देते, पैसे घेत नाही. म्हणते, "किती छान गातेस. असं वाटलं की हे मी कुठेतरी ऐकलंय." दारणा गजरा माळते आणि विचारते, "नाव काय तुझं?" मुलगी विचारात पडते. दारणा तिला एक नाव सुचवते. कपिला हे नाव नाही. वेगळंच एक, साधंसं. आणि घरी जाऊन ते नाव वहीत लिहून ठेवते, पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

हा शेवट ऐकून मुलांपैकी निम्मी माझ्यावर रागावली. त्यांना शिक्षा हवी होती. निम्म्यांचं म्हणणं की सगळं आठवणारी ती एकटीच उरली हीच शिक्षा. मला दुसरं म्हणणंही पटलं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. दारणा रात्री शांत झोपते, असं मी लिहिलेलं आहे. आपण तिच्यासाठी सुटकेचा रस्ता शोधतो, कारण आपण तिच्याबरोबर अडीचशे पानं चाललेलो असतो आणि आपल्याला ती आवडायला लागलेली असते. हे आवडणं मुलांना टोचावं, एवढीच माझी इच्छा होती. ते टोचलं. अकरावीतल्या त्या शांत मुलीने नंतर मला एक चिठ्ठी दिली. त्यातला मजकूर मी इथे लिहिणार नाही, तो तिचा आहे. तिच्या एका मैत्रिणीशी ती पुन्हा बोलायला लागली आहे एवढं सांगते.

दुसऱ्या एका प्रकाशकांनी पुस्तक शेवटासकट घेतलं. मुखपृष्ठावर 'वय वर्षे १४ आणि पुढे' असं छापायचं ठरलं, ते मला मान्य आहे. चित्रं रंगपंचमीच्या रंगात असावीत हा माझा आग्रह त्यांनी मानला. मुद्रितं मी स्वतःच तपासली, दुसऱ्या कोणाकडे द्यायला मन होईना.

दुसरा भाग सुरू केला आहे. त्यात ती फुलवाली वही उघडते. आधी स्वतःचं जुनं नाव शोधेल की दारणाचं, यावर रविवारच्या मुलांत रीतसर मतदान झालं आणि दारणाचं नाव जिंकलं. मी मत दिलं नाही. पण पहिलं प्रकरण लिहिताना लक्षात आलंय की कपिलालाही काहीतरी हवं आहे, आणि ते तिचा गळा नाही.